दुसरा घाणा

दिवाळीच्या अंकात भांडण काढू नये असा एक शिष्टसंमत संकेत आहे. ज्या अंकाला फराळाच्या ताटाशेजारी जागा मिळावयाची त्यात कथा असाव्यात, एखादे प्रवासवर्णन असावे, राशिभविष्य तर असावेच. वादाला पुढे अकरा महिने मोकळे असतात. हा संकेत मी आज मोडणार आहे. भांडण आहे ते रांगोळीवरून, तेव्हा ते सणाला अगदीच सोडून आहे असे कोणी म्हणू नये.

झाले असे. आमच्या वसईकडे व्याख्यानाला अजून माणसे येतात. विरार लोकलमध्ये दोन्ही वेळा उभ्याने प्रवास करून आलेला माणूस रात्री पुन्हा सतरंजीवर येऊन बसतो, ही गोष्ट मला तरी कौतुकाची वाटते. अशाच एका व्याख्यानमालेत गेल्या वर्षी एका वक्त्यांनी आपल्या प्राचीन विज्ञानावर दीड तास भाषण केले. बोलता बोलता ते रांगोळीवर आले. म्हणाले, "आमच्या आजीबाई भाताचे तूस जाळून त्या राखेची रांगोळी घालीत. ती राख म्हणजे काय? सच्छिद्र सिलिका! आज परदेशातले शास्त्रज्ञ जिच्यात औषध भरून रोग्याला देऊ पाहतात, तीच नॅनो-सिलिका! आमच्या आजीला हे ठाऊक होते. फक्त तिने पेटंट घेतले नाही." टाळ्यांचा असा कडकडाट झाला की मंडपाच्या कनातीवरची पाखरे उडाली. माझ्या शेजारचे गृहस्थ तर मला कोपराने ढोसून म्हणाले, "बघा!"

मी काय बघणार? औषधी गोळ्या बनविणाऱ्या कारखान्यात तपासणी विभागात माझी हयात गेली. सिलिकाची पूड मी मणांनी चाळली आहे. उठून दोन शब्द बोलावेत असे फार वाटले, पण आभारप्रदर्शन सुरू झाले होते आणि आभारप्रदर्शनात उठणारा माणूस घराकडेच निघाला असे सगळे धरून चालतात. ते राहिलेले दोन शब्द आता बोलतो.

आधी वक्त्यांचे जे खरे आहे ते त्यांना देऊन टाकू. आगाशीच्या आमच्या घरी माझी आजी खरोखरच तुसाच्या राखेची रांगोळी घालीत असे. भाताचे रोप जमिनीतल्या पाण्याबरोबर विरघळलेली सिलिका मुळांतून शोषून घेते आणि पानात व टरफलात साठवते. भाताच्या शेतात उघड्या पायांनी चाललेल्या माणसाला पातीची धार ठाऊक असते. त्या धारेत आणि टरफलाच्या खरखरीतपणात सिलिकाच असते. हिशेब सांगतो. एक क्विंटल भात भरडले की साधारण वीस किलो तूस निघते. ते नीट जाळले तर चार किलोच्या आसपास राख उरते, आणि त्या राखेत शंभरात नव्वद भाग सिलिका असते. म्हणजे वाड्याच्या कोलमचा भात तांदूळ होऊन आपल्या ताटात येतो तेव्हा मागे गिरणीत दर क्विंटलला साडेतीन किलो सिलिका ठेवून येतो. ती राख सच्छिद्र असते हेही खरे. इथपर्यंत माझ्या टाळ्या वक्त्यांच्या टाळ्यांत मिळवून घ्याव्यात.

पण राख सच्छिद्र आहे म्हणजे ती औषधाची कुपी झाली काय? स्पंजही सच्छिद्र आहे, वीटही सच्छिद्र आहे आणि नगरपालिकांच्या अंदाजपत्रकांनाही छिद्रे असतात. प्रश्न छिद्र आहे की नाही हा नव्हे. छिद्र केवढे, किती, आणि सगळी एकसारखी आहेत काय, हा आहे. आजीच्या राखेत एक भोक मुंगीचे तर दुसरे हत्तीचे. शिवाय आजीचा विस्तव आज चुलीचा, उद्या परसातल्या आगटीचा. ह्या विस्तवाची गोष्ट तर फार गंभीर आहे. तूस सहाशे-सातशे अंशांपर्यंत जाळले तर त्यातली सिलिका घडी न बसलेली, अस्फटिक राहते. आठशे-नऊशेच्या पुढे बराच वेळ तापवले की तिचे स्फटिक होऊ लागतात. क्रिस्टोबलाइट म्हणतात तो प्रकार तयार होतो. स्फटिकरूप सिलिकाची धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेली की फुप्फुसे दगडासारखी होतात. सिलिकोसिस म्हणतात तो रोग हाच. दगड फोडणारे, गारगोटी दळणारे, पाटीवरच्या पेन्सिली कापणारे कितीतरी मजूर त्याने गेले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1997 साली कामाच्या जागी श्वासातून जाणाऱ्या स्फटिक सिलिकाला माणसात कर्करोग करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या वर्गात घातले. अस्फटिक सिलिकाला घातले नाही. गोत्र एक, विस्तव वेगळा. 'आजीला ठाऊक होते' म्हणणाऱ्या वक्त्यांना मी एवढेच विचारीन की आपल्या आजीकडे उष्णतामापक होता काय? माझ्या आजीकडे नव्हता. ती रांगोळी घालीत होती आणि रांगोळी म्हणून ती राख फार सुरेख होती. तिला नसलेली विद्या तिच्या पदरात टाकून आपण तिचा मान वाढवीत नाही. तिला जे खरोखर येत होते तेच पुसून टाकतो.

आता ही औषधाची सिलिका करतात तरी कशी, ते सांगितले पाहिजे. घरोघर अनारसे होतात त्या दिवसांत हे सांगणे सोपे आहे.

पाण्यात साबणाच्या जातीचे एक द्रव्य विरघळवतात. जखम धुण्याच्या सॅव्हलॉनमध्ये सेट्रिमाइड असते, त्याच घराण्यातले हे द्रव्य. सीटॅब असे त्याचे लघुनाम आहे. त्याच्या रेणूला एक डोके असते, त्याला पाणी आवडते, आणि एक लांब शेपटी असते, तिला पाणी आवडत नाही. पुरेसे रेणू जमले की ते शेपट्या आत आणि डोकी बाहेर करून गोळा होतात, आणि त्यांच्या बारीक कांड्या बनतात. मग त्यात अमोनिया किंवा कॉस्टिक सोड्यासारखा क्षार घालून सिलिका देणारे एक पातळ द्रव्य हळूहळू सोडतात. सिलिका त्या कांड्यांभोवती बसत जाते. कांड्यांवर कांड्या रचल्या जाऊन मधमाशीच्या पोळ्यासारखी रचना तयार होते. शेवटी आतला साबण काढून टाकायचा. एक तर साडेपाचशे अंशांवर जाळायचा किंवा आम्ल घातलेल्या अल्कोहोलने धुऊन काढायचा. साबण गेला, त्याची जागा राहिली. ते छिद्र. दोन-तीन नॅनोमीटर रुंद आणि सगळी छिद्रे एका मापाची. सबंध कण शंभर नॅनोमीटरच्या आसपास. माणसाच्या केसाच्या जाडीत असे सातआठशे कण शेजारी शेजारी बसतील. एक ग्रॅम पुडीतल्या सगळ्या छिद्रांच्या भिंती उलगडून पसरल्या तर हजार चौरस मीटरपर्यंत जागा भरते. आमच्या विरारच्या भाषेत बोलायचे तर दहा हजार सातशे चौरस फूट. चारशे फुटांची सव्वीस बिऱ्हाडे एका चिमटीत! एवढी जागा आमच्या बिल्डरांना अजून सापडली नाही, हे त्यांचे दुर्दैव आणि आपले सुदैव.

ह्या पुडीचा जन्म औषधासाठी झालेलाच नाही. 1992 साली अमेरिकेतल्या मोबिल ह्या तेल कंपनीच्या क्रेसगे, बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती प्रसिद्ध केली, खनिज तेलाचे मोठे रेणू हाताळण्याच्या शोधात. तिच्यात औषध भरण्याची कल्पना 2001 साली माद्रिदच्या मारिया व्हालेत-रेगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली; औषध घेतले ते आयबुप्रोफेन, म्हणजे आपण सर्रास ब्रुफेन म्हणतो ते. आणि सच्छिद्र सिलिकात दुसऱ्या कशाचे ओझे भरणे हे तर त्याहून जुने आहे. आल्फ्रेड नोबेलने 1867 साली डायनामाइटचे पेटंट घेतले ते काय होते? हाताळायला महाभयंकर असे नायट्रोग्लिसरीन त्याने पाणशेवाळाच्या सूक्ष्म सिलिका-कवचांच्या मातीत मुरवले आणि ते निवळले. दिवाळीत हा दाखला द्यावा की नाही, मला शंका आहे. पण तेच नायट्रोग्लिसरीन पुढे हृदयविकारावर औषध ठरले आणि म्हाताऱ्या नोबेललाही डॉक्टरांनी ते लिहून दिले, हे सांगितले म्हणजे फिट्टंफाट होईल.

आता वक्त्यांसाठी मी राखून ठेवलेली एक गोष्ट. मोबिलच्याही आधी, 1969 साली, अमेरिकेतल्याच सिल्व्हेनिया नावाच्या दिवे बनविणाऱ्या कंपनीतील किओला आणि त्यांच्या दोघा सहकाऱ्यांनी एका हलक्या सिलिकाच्या कृतीचे पेटंट मागितले. ते 1971 साली मिळाले. त्यांना हवी होती नुसती फुललेली, हलकी पूड. पुढे 1997 साली दी रेंझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच कृती जशीच्या तशी पुन्हा करून पाहिली, तेव्हा ती मोबिलचीच सिलिका निघाली! अठ्ठावीस वर्षे ती कागदावर पडून होती. म्हणजे केले पण कळले नाही, हे भाग्य काही आपल्याच आज्यांच्या वाट्याला आलेले नाही. गोऱ्या साहेबालाही ते चुकले नाही. सिल्व्हेनियाच्या बाजूने निदान कृती लिहिलेली होती, इतकी नीट की अठ्ठावीस वर्षांनी दुसऱ्या देशातल्या दुसऱ्या माणसाला ती करता आली. आजीची कृती कुठे आहे? मी तिच्या मांडीवर वाढलो. मलाही ती सांगता येणार नाही.

इथपर्यंत वाचून काही मंडळी खूश झाली असतील: बरे झाले, जुन्याचा अभिमान बाळगणाऱ्यांना चांगले सुनावले. थोडे थांबा. माझे दुसरे भांडण तुमच्याशीच आहे.

आमच्याकडे अनारसे करताना एक क्षण असा असतो की स्वयंपाकघरात कोणी बोलत नाही. तीन दिवस भिजवलेले तांदूळ, त्यांचे पीठ, गूळ, वरून खसखस, आणि पहिला अनारसा तुपात सोडलेला. जाळी पडली की सगळ्यांचे चेहरे खुलतात. अनारसा तुपात हसला, म्हणजे विरघळून फुटला, की चेहरे पडतात. पण माझी पत्नी पहिल्या अनारशावर कधी बोलत नाही. मी एकदा हौसेने म्हणालो, "वा! काय जाळी पडली आहे!" तेव्हा ती म्हणाली, "अहो, पहिला घाणा कुणालाही जमतो. दुसरा येऊ द्या, मग बोला." तिचे रसायनशास्त्र माझ्यापेक्षा पक्के आहे.

आमच्या प्रयोगशाळा पहिल्या घाण्यावर नाचतात. जगातल्याही नाचतात, पण आमच्या जरा जास्त. काचेच्या चंचुपात्रात पाच ग्रॅम सिलिका करायची, तिचे सूक्ष्मदर्शकातले चित्र काढायचे, त्यात औषध भरायचे, ते किती तासांत बाहेर आले त्याची वक्ररेषा काढायची, निबंध छापायचा, पदवी घ्यायची आणि चंचुपात्र धुऊन ठेवायचे. पुढचा विद्यार्थी येतो तो छिद्राला झाकण बसवतो. 2003 साली अमेरिकेतल्या आयोवात व्हिक्टर लिन ह्यांनी छिद्रांना कॅडमियम सल्फाइडच्या कणांची झाकणे लावून ती हव्या वेळी उघडून दाखविली, तेव्हा ती मोठीच कल्पना होती. कॅडमियम हे विष आहे हे त्यांना का ठाऊक नव्हते? त्यांना झाकण बसते एवढे दाखवायचे होते. पण त्यानंतर झाकणांचे जे पेव फुटले आहे ते पाहिले की वाटते, डबा कधी भरणार, झाकणेच किती करणार? प्रत्येक निबंधाच्या शेवटी एक ठरलेले वाक्य असते, ह्या कणांपासून पुढे रुग्णांना फार मोठी आशा आहे. आशा आहे खरी. ती कोणी पुरी करायची ते लिहिलेले नसते.

रुग्णापर्यंत किती पोचले? 2014 साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी सिलिकाचे सहा-सात नॅनोमीटरचे कण कर्करोगाच्या पाच रुग्णांना शिरेतून दिले आणि ते सुखरूप लघवीवाटे बाहेर पडले असे दाखविले. पण ते कण भरीव होते आणि त्यांत औषध नव्हते, रोग कुठे पसरला ते पाहण्याचे ते साधन होते. 2016 साली फेनोफायब्रेट हे रक्तातली चरबी उतरविणारे, पाण्यात जवळजवळ न विरघळणारे औषध सच्छिद्र सिलिकात भरून निरोगी स्वयंसेवकांना तोंडाने दिल्याचा प्रयोग प्रसिद्ध झाला. अशी उदाहरणे बोटांवर मोजता येतात. निबंधांना मात्र बोटे पुरत नाहीत.

का पोचत नाहीत? ह्याचे उत्तर मी कोणा मोठ्या ग्रंथातून देणार नाही, माझ्याच पापातून देतो.

वीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा वालीवच्या एका लहानशा गाळ्यात नोकरीला होतो. मालक हौशी होते. त्यांनी कुठेतरी ह्या सिलिकाचे वाचले आणि ठरविले की आपण ती करायची आणि गोळ्या बनविणाऱ्या कारखान्यांना विकायची. मी चंचुपात्रात पाच ग्रॅम केली. मुंबईला तपासणीला पाठविली. कागद आला तो पाहून मालकांनी पेढे वाटले. मीही दोन खाल्ले. मग आम्ही मोठ्या भांड्यात दोन किलोचा घाणा टाकला. आणि अनारसा हसला! मोठ्या भांड्यात ढवळणे कोपऱ्यापर्यंत पोचत नाही, अमोनिया वरून उडून जातो, उष्णता एका बाजूला साचते; काही कण मोठे, काही लहान, काही एकमेकांना चिकटलेले. त्याहून वाईट म्हणजे धुणे. पाच ग्रॅम पूड मी सहा वेळा धुतली होती. दोन किलो सहा वेळा धुवायला अल्कोहोलची पिंपे लागली असती. आम्ही दोनदा धुतली. साबण आत राहिला. तो पेशीची कातडी फोडतो, म्हणूनच तर तो जंतू मारतो. औषधाच्या पुडीत तो राहून चालत नाही. वाळवतानाही आम्ही घाई केली. छिद्रातले पाणी उडताना भिंतींना आत ओढते, त्यात कितीतरी भिंती बसल्या. दुसऱ्या कागदावर पृष्ठभाग पहिल्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी आला.

नमुना तर एका गिऱ्हाइकाने मागितलेला. मालक म्हणाले, "नमुना दुसऱ्याचा पाठवा, कागद पहिल्याचा लावा. पुढचा घाणा सुधारेलच." मालक म्हणाले हे खरे, पण सही माझी होती. मी केली.

पंधरा दिवसांनी त्या कारखान्यातल्या तपासणी विभागातील एका तरुण मुलीचा फोन आला. आवाज अगदी मऊ. म्हणाली, "सर, तुमचा कागद एका आईचा आणि पूड दुसऱ्या आईची दिसतेय." मी काहीतरी पुटपुटलो. ती म्हणाली, "मी तक्रार लिहिणार नाही, पण पूड परत पाठवतेय." कोणाच्या पोटात ती गेली नाही हे त्या मुलीचे पुण्य, माझे नव्हे. तिचे नाव मी विचारलेसुद्धा नाही. पुढे तो गाळा बंद झाला आणि आता तिथे पुठ्ठ्याची खोकी बनतात.

ह्यावर माझा भाचा म्हणतो, "मामा, एवढा जीव कशाला टाकता? असली पूड बाहेरून मागवली की झाले." तो संगणकाच्या नोकरीत आहे, त्याला सगळे मागवता येते. मी त्याला म्हटले, पूड मागवता येईल, पण कोणत्या रोगासाठी पूड करावयाची हे ठरविणे मागवता येईल काय?

इथे मला माझ्या थोरल्या भावाचे सांगितले पाहिजे. दादा शाळेत लेखनिक होता. 1987 साली त्याला क्षय झाला. रिफँपिसिनची लाल कॅप्सूल घेतली की त्याची लघवी नारिंगी होई, तोंडाची चव जाई, मळमळे. तिसऱ्या महिन्यात ताप गेला, वजन भरले, आणि त्याने औषधे सोडली. दोन वर्षांनी रोग परत आला, पहिल्यापेक्षा हट्टी होऊन. दादा वाचला, पण त्याला एका दमात जिना चढता आला नाही तो आजतागायत. ह्यात औषधाचा दोष नाही, सोडणाऱ्याचा आहे, हे तो स्वतःच सांगतो. तरी मी नोकरीच्या काळात त्या लाल औषधाबद्दल मिळेल ते वाचीत राहिलो. रिफँपिसिन जठराच्या आम्लात काही प्रमाणात नासते. आणि शेजारी आयसोनायझिड, म्हणजे क्षयाचेच दुसरे औषध असेल, तर अधिक वेगाने नासते. एकाच गोळीत दोघांना कोंडणे म्हणजे दोन भाऊबंदांना एका खोलीत कोंडणे. अहमदाबादच्या शिशू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तसेच मोहालीच्या सरणजित सिंग आदी संशोधकांनी ह्याचा छडा लावण्याचे काम केले, ते आपल्याच देशात. ह्या दोघांच्या मध्ये भिंत घालायची तर ती कशाची घालावी?

आणि दुसरी गोष्ट. क्षयाचा जंतू लपतो तो शरीराच्या भक्षक पेशीत. जी पेशी त्याला खायला आली तिच्याच पोटात तो बिऱ्हाड करतो. ही भक्षक पेशी शंभर नॅनोमीटरचे कण आपण होऊन गिळते. तिला सिलिकाचा कण गिळू द्यावा आणि त्याच्या पोटातून औषध तिच्या पोटात उतरवावे, हा विचार लॉस एंजेलिसच्या क्लेमेन्स, झिंक आणि हॉर्विट्झ ह्यांच्या मंडळींनी करून पाहिला. 2012 साली त्यांनी दाखविले की सच्छिद्र सिलिकातून दिलेले रिफँपिसिन आणि आयसोनायझिड मानवी भक्षक पेशींतले जंतू सुट्या औषधापेक्षा अधिक मारते. हे काचेच्या बशीतले यश आहे, माणसातले नव्हे, हे विसरता कामा नये. पण जगातले क्षयाचे जवळजवळ चौथा हिस्सा रोगी भारतात, आणि ही बशी लॉस एंजेलिसला! तिथे क्षय आपल्या मानाने कितीतरी कमी.

एक आक्षेप मात्र असा आहे की त्याला उत्तर देताना माझा आवाज खाली येतो. जव्हार-मोखाड्याकडे काम केलेले एक डॉक्टर मला म्हणाले, "अहो, क्षय हा भुकेचा रोग. पोटात अन्न नाही तिथे तुमचे नॅनोकण काय करणार?" ते बरोबर बोलत होते. झारखंडात अनुराग आणि माधवी भार्गव ह्यांच्या मंडळींनी क्षयरोग्यांच्या घरच्या माणसांना धान्य-डाळीची शिधापुडी देऊन पाहिली. 2023 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि त्या घरांत नवे क्षयरोगी शंभरात एकोणचाळीसने कमी आढळले. शिध्याने! तेव्हा क्रम ठरलेला आहे: आधी तांदूळ, मग तूस. ज्याला तांदूळ मिळत नाही त्याला तुसातल्या सिलिकाचे कौतुक सांगणाऱ्याच्या तोंडात मीच तूस कोंबीन. पण तांदूळ पोचल्यावरही सहा महिने रोज औषध घ्यावेच लागते. त्या सहा महिन्यांचे ओझे दादाला पेलले नाही. तो तर शिकलेला, पोटभर जेवणारा माणूस होता.

म्हणून माझे म्हणणे आमच्या महाविद्यालयांना आहे, आणि ते फार महाग नाही. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला शेवटच्या वर्षी नवीन काही करावयास सांगू नका. छापून आलेली एक कृती द्या आणि ती दहा वेळा करावयास सांगा. दहाही वेळा छिद्रे मापात, धुणे पुरे, सगळे एका हाताचे यावे. दहातल्या चार फसल्या तर चारही लिहाव्यात. पाच ग्रॅमवरून पन्नासवर जाताना कुठे बिघडले ते लिहावे. तुसाची राख घेऊन ती कॉस्टिकमध्ये शिजवून तिचे सोडियम सिलिकेट करावे आणि महागड्या परदेशी द्रव्याऐवजी त्यातून हीच पूड साधते काय ते पाहावे; ते काम जगात अनेकांनी केले आहे, तेव्हा नवीनपणाचे पदक मिळणार नाही. असा विद्यार्थी वालीवच्या, सातिवलीच्या, तारापूरच्या कारखान्यात गेला तर सही करण्याआधी थांबेल. त्या फोनवरच्या मुलीला कोणीतरी हेच शिकविले होते. कोणी ते मला कधी कळले नाही.

हा लेख लिहीत असतानाच त्या व्याख्यानमालेचे चिटणीस घरी आले होते. गेल्या वर्षी मी सभेत चुळबुळ करीत होतो हे त्यांनी पाहिले होते म्हणे. यंदा एक संध्याकाळ मला देऊ केली. मी विषय सांगितला, 'दुसरा घाणा'. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "काका, लोकांना वाटेल पाककृतीचा कार्यक्रम आहे. 'सिलिकाचा चमत्कार' असे ठेवू या का? आणि आजीच्या रांगोळीचे थोडे घाला, लोकांना ते फार आवडले होते."

विषयाचे नाव बदलावयाचे असेल तर दुसरा वक्ता पाहावा, असे मी त्यांना कळविले आहे. त्यांचे उत्तर अजून आलेले नाही.